भरती नसलेलं पाणी

लग्न होऊन माझी बायको ग्वाल्हेरला आली तेव्हा मे महिना होता आणि दुपारभर लू वाहत होती. दौलतगंजात आमचं भाड्याचं घर होतं. खिडकीला कूलर, त्यात खसाचे पडदे, आणि तरीही भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "इथली नदी कुठं आहे?"

संध्याकाळी दूध आणायला निघालो तेव्हा मी तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि येताना स्वर्णरेखेच्या पुलावर नेलं. खाली काळ्या पाण्याची एक रेघ, दोन्ही बाजूंना कचरा, त्यात फिरणारी डुकरं. ती कठड्याला धरून उभी राहिली.

"ही?" तिनं विचारलं.

"हीच," मी म्हटलं.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चला, दूध नासेल."

ती कोकणातली, खाडीकाठच्या गावातली. तिचे वडील तर चालवायचे, म्हणजे या काठाची माणसं होडीतून त्या काठाला सोडायचे. घरातलं सगळं पाण्याच्या वेळेवर चाले. भरती असली की वडील कामावर, सुकती लागली की आई चिखलात मुळे, म्हणजे शिंपल्या, वेचायला. शाळेला निघायची वेळसुद्धा त्यावरच. आमच्याकडे आल्यावर कितीतरी दिवस ती पहाटे अंथरुणात उठून बसायची आणि मी विचारलं की म्हणायची, "काही नाही. आवाज येत नाही ना, म्हणून जाग येते."

आमचं घराणं दख्खनेतून फौजेबरोबर इकडं आलेलं. मूळ गाव कुठलं ते वडिलांनाही नक्की सांगता येत नसे. मी वीज खात्यात होतो. आमची हिंदीत भिजलेली मराठी ऐकून ती आधी खूप हसली, मग हळूहळू तीही भाजीवाल्याशी तसंच बोलायला लागली. कोकम आणि सुकी मासळी तेवढी दरवर्षी माहेराहून यायची. डबा उघडला की शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. ती मुद्दाम त्या दिवशी दार सताड उघडं ठेवायची.

मग तिचे आई-वडील गेले. भाऊ मुंबईला स्थायिक झाले. खाडीवर पूल झाला, होडीची तर बंद पडली, आणि घर एका चुलतभावाच्या वाट्याला आलं. त्यानं ते पाडलं. त्यानंतर ती तिकडं गेलीच नाही. मी म्हणायचो, "जाऊ या नं एकदा." ती म्हणायची, "कुणाच्या दारात उभी राहू?" हे ती रडत वगैरे म्हणत नसे. कणीक मळता मळता म्हणायची. पण माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली, की हिच्यासमोर कधीतरी पाणी आणून ठेवायचं.

नोकरीची बरीच वर्षं थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. मुलगी तिथंच वाढली, शिकली, नोकरीला बंगलोरला गेली. मी निवृत्त झालो आणि आम्ही हरिशंकरपुरममध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. समोर दुसऱ्या इमारतीच्या बाल्कन्या, त्यांत वाळत घातलेले कपडे. तिला पुष्कळ मैत्रिणी मिळाल्या, भिशी लागली, संकष्टीला बायका जमायला लागल्या. चांगलं चाललं होतं.

अशात खात्यातल्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं, की तिघऱ्याच्या तलावावर एक लहान घर विकायला आहे. शहराला पाणी पुरवणारा हा तलाव. त्याच्या काठाला लागून घरं अगदी मोजकी, आणि ज्यांची आहेत ते सोडत नाहीत. हे घर एका वयस्क डॉक्टरांचं होतं. बायको वारली होती आणि ते मुलाकडे परदेशी निघाले होते. "जल्दी कर," सोबती म्हणाला, "लाइन लगी है."

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. दोन खोल्या, पुढं दगडी ओटा, ओट्याखाली उतरतं गवत, आणि मग पाणी. पलीकडच्या काठावर डोंगराची निळी ओळ. मी तिच्याकडे बघितलं. ती ओट्यावर उभी राहून डोळे बारीक करून पलीकडं बघत होती, आणि मला वाटलं, झालं, हेच.

डॉक्टरांनी चहा केला. त्यांनी सरळच सांगितलं की बरेच जण मागून गेले आहेत. एकाला घर पाडून लग्नाचं लॉन करायचं होतं, दुसऱ्याला वीकेंडला भाड्यानं द्यायचं होतं. मग ते हिच्याकडे वळले.

"बहनजी, आप क्या करेंगी इसका?"

ती कप खाली ठेवून म्हणाली, "कुछ नहीं. बैठूँगी."

डॉक्टर हसले. त्यांचे डोळे ओले झाले होते. "मेरी वाइफ भी बस बैठती थी," ते म्हणाले. घर त्यांनी आम्हाला दिलं.

परत येताना गाडीत मी एकटाच बोलत होतो. ओट्यावर जाळी लावू, मागं गवती चहा लावू, तुला वेताची खुर्ची आणू. ती हो हो म्हणत होती. मध्येच तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. आम्ही रस्त्यात टपरीवर थांबून पाणी घेतलं.

तो खोकला गेलाच नाही. जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर टेकायला लागली. तपासण्या झाल्या. छातीचे डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं घट्ट होत चालली आहेत, हे मागं फिरत नाही, फक्त हळू करता येईल. ती शांतपणे ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "आता तिसरा मजला जमायचा नाही, नाही का?"

घराची रजिस्ट्री व्हायची होती. मुलगी बंगलोरहून आली आणि तिनं स्पष्ट सांगितलं, "बाबा, कॅन्सल करा. तिथून हॉस्पिटल कितना दूर है! रात-बिरात काही झालं तर तुम्ही काय कराल? पागलपन आहे हा."

मुलगी म्हणत होती ते खोटं नव्हतं. पण हिनं उशीवरून मान उचलली आणि म्हणाली, "घ्यायचं ठरलंय ना? मग घ्या. तिथं जिना तरी नाही."

दिवाळीनंतर आम्ही राहायला गेलो. आयुष्यभर खांब आणि तारा केल्या होत्या, ते कौशल्य पणाला लावलं. ऑक्सिजनच्या मशीनसाठी वेगळी लाइन ओढली, इन्व्हर्टर लावला, शिवाय एक सिलिंडर ठेवला. वेताची खुर्ची आणली. पहिल्या सकाळी तिला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली, नाकातली नळी नीट केली आणि मी समोर पायरीवर बसलो, तिचं तोंड बघायला.

ती खोल श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती. मला वाटलं त्रास होतोय.

"काय होतंय?"

"काही नाही हो. वास बघते." थोड्या वेळानं म्हणाली, "याला वास नाही."

मी हसून म्हटलं, "नळी आहे ना नाकात."

"हो," ती म्हणाली. "तेच असेल."

पण तेच नव्हतं. पुढचे काही दिवस ती त्या खुर्चीत नीट रमलीच नाही. सारखी पाण्याच्या कडेला एका ठिकाणी बघत राहायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस? तिनं बोट दाखवलं. काठाच्या चिखलात कुणीतरी एक काठी रोवली होती, जाळं बांधायला असेल.

"सकाळपासून बघतेय," ती म्हणाली. "पाणी तिथंच आहे. मला कळतं हो, तलाव आहे तो. तो कुठं जाणार आणि कुठून येणार? पण नजर आपली वाट बघते." आणि ती हसली. हसण्यानं खोकला आला.

मला ते हसू फार लागलं. इतकी धावपळ करून, पोरीचं ऐकलं नाही, सगळ्यांना मागं टाकून हे घर मिळवलं, आणि ही त्या काठीकडं बघत बसते. मी म्हटलं, "आता मी तुझ्यासाठी खाडी कुठून आणू? ग्वाल्हेरला समुद्र आणू?"

तिनं माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "मी कधी मागितलं तुमच्याकडे?"

"मागायला कशाला पाहिजे? मला कळत नाही का?"

ती काहीतरी बोलणार होती. ओठ उघडले होते तिनं. मग नुसती मान हलवून म्हणाली, "मला आत न्या. गार लागतंय."

दोन दिवस आमचं बोलणं औषधं आणि जेवण यापलीकडं गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी छातीच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, की हिला कोकणात नेता येईल का, एकदाच. ते म्हणाले, इतका लांबचा प्रवास सोसणार नाही, विचारसुद्धा करू नका. तेव्हा मी तिच्या त्या चुलतभावाच्या बायकोला फोन लावला. ओळख अशी काहीच नव्हती. म्हटलं, वहिनी, एक काम करा, भरतीच्या वेळेला फोन घेऊन खाडीवर जा आणि हिला दाखवा. बिचारी लगेच कबूल झाली.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. मी फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर आधी त्या बाईची साडी दिसली, मग आभाळ, मग पाखाडी, खाडीकडं उतरणारी दगडी वाट. पाखाडीवर सिमेंट घातलं होतं. "हे बघा वन्सं, ओळखलंत का?" बाई चालता चालता सांगत होती. "इथं तुमचा उंबरठा होता. आता आम्ही गाडी लावतो." नंतर पाणी दिसलं. राखाडी, चमकणारं, कांदळांच्या झाडीत शिरणारं. वरती पुलाचे मोठमोठे खांब आणि त्यांवरून जाणारे ट्रक. वाऱ्याचा आवाज इतका होता की बाईचं बोलणं कळेना. चित्र अडकायचं, पुन्हा चालू व्हायचं.

मी बायकोकडे बघत होतो. तिचा चेहरा काही बोलत नव्हता. शेवटी तिनं फोनला हात जोडले, "बरं आहे हो वहिनी, दमलात तुम्ही, सांभाळून जा," असं म्हणाली आणि मला म्हणाली, "बंद करा."

मी बंद केला.

"माझं नाही राहिलेलं ते," ती म्हणाली. "उगीच त्रास दिलात त्यांना." मग तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बोटं थंडगार झाली होती. मी ती चोळत बसलो.

त्यानंतर का कोण जाणे, तिचं त्या तलावाशी जमायला लागलं. फार प्रेम असं नाही, पण शेजाऱ्याशी जमतं तसं. थंडी वाढली तसे पलीकडं लांबून आलेले हंस उतरले. ती त्यांची भांडणं मला सांगायची. जवळच्या गावातली एक मासेवाली बाई सकाळी टोपली घेऊन यायची, तिला हिनं ओट्यावरूनच हाक मारून ओळख केली. हिला उठवत नव्हतं, म्हणून ही खुर्चीत बसून सांगायची आणि मी आत गॅससमोर उभा राहून रांधायचो. "मसाला जळला का? वास येतोय मला." म्हणजे नळीतूनसुद्धा वास येत होता. रोहूला कोकम घालायचं म्हटल्यावर ती मासेवाली तोंड वाकडं करून म्हणाली, "मछरी में खटाई?" पण वाटीभर घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी परत करताना पुन्हा मागितलं. हिला त्याचा झालेला आनंद मला अजून दिसतो.

एकदा जेवताना ती एकदम म्हणाली, "माझ्या अस्थी खाडीत बिडीत नेऊ नका हं. तिथं मला कुणी ओळखत नाही आता."

मी म्हटलं, "असलं काही बोलायचं नाही."

"इथंच सोडा."

"अगं, सगळं शहर हे पाणी पितं."

तिनं डोळे मोठे केले. "मग तर सगळ्यांच्याच घरी जाईन," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. तो त्या घरातला चांगला दिवस होता. असे दिवस फार नाही आले.

फेब्रुवारीत तिला ताप भरला. सकाळी मी कपाळाला हात लावला तर भट्टी. सिलिंडर गाडीत ठेवून तिला शहरात आणलं. आयसीयूच्या काचेबाहेर मी आणि मुलगी, आत ती. भेटायच्या वेळेत मी आत गेलो की ती तोंडावरचा मास्क सरकवायला बघायची आणि नर्स रागवायची. शेवटचं नीट बोलली तेव्हा तिनं विचारलं, "हंस गेले का?" मी म्हटलं, आहेत अजून. मला ठाऊक नव्हतं. मी तिकडं गेलोच नव्हतो. त्यानंतर ती बोलली नाही, आणि दोन दिवसांनी दुपारी गेली. मुलगी कँटीनमध्ये चहा आणायला गेली होती. मी एकटा होतो तिच्याजवळ, आणि मला नेमकं कळलंही नाही केव्हा. मशीन वाजायला लागलं तेव्हा कळलं.

अस्थी तलावात सोडता येत नव्हत्या. मुलगी प्रयाग म्हणत होती. मला तेवढ्या गर्दीत तिला न्यायचं नव्हतं. मुरेनाच्या पुढं चंबळेवर गेलो. पाणी स्वच्छ होतं आणि जोरात वाहत होतं. मुलीनं मडकं वाकवलं आणि राख इतक्या चटकन नजरेआड झाली की ती घाबरून म्हणाली, "बस? हो गया?" मी तिला जवळ घेतलं. ती लहानपणी रडायची तशी रडली, तोंड उघडं टाकून.

ती परत कामावर गेली आणि मी तिघऱ्याच्या घरी राहिलो. उन्हाळ्यात तलाव खूप मागं सरकला. ओट्यापासून दूरवर भेगाळलेला चिखल आणि त्यात गुरं. पाणी बघायला चालत जावं लागायचं. मी काही गेलो नाही. मेमध्ये मुलगी सुट्टी काढून आली. एका संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो, ती शेंगा सोलत होती.

"बाबा," ती म्हणाली, "आता तरी सांगा. तुम्हाला हे इतकं का आवडतं?"

"मला?"

"आणखी कोणाला? आई तर म्हणायची, बाबांनी अख्खी जिंदगी धूप में खांबांवर काढली. त्यांना शेवटी निवांत पाण्यासमोर बसायचं आहे, म्हणून घेतलं. मी तिच्याशी किती भांडले फोनवर! म्हटलं, तू बीमार आहेस, तू नाही म्हण. ती म्हणाली, ते कधी स्वतःसाठी काही मागत नाहीत, आता मागतायत तर मी मोडता घालू का?"

तिनं सोललेले दाणे माझ्या हातात दिले आणि मी ते तसेच धरून बसलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"मी तिच्यासाठी घेतलं होतं," मी म्हटलं.

मुलीनं शेंगांची परात बाजूला सारली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आम्ही तिथं तसेच बसलो. गुरं घराकडे निघाली होती.

तेव्हापासून मी पुष्कळ विचार केला. त्या दिवशी भांडताना तिचे ओठ उघडले होते आणि तिनं मिटून घेतले, तेव्हा ती हेच सांगणार होती का? की मुलीचं तोंड बंद करण्यासाठी तिनं हे कारण काढलं होतं, आणि तिला खरोखर कुठंतरी पाणी हवंच होतं? घर विकणाऱ्या डॉक्टरांना "बैठूँगी" म्हणाली ते कोणासाठी? एवढी वर्षं एका ताटात जेवलो, आणि मला सांगता येत नाही. विचारायला ती नाही.

पुढच्या थंडीच्या आत मी घर विकलं. घेणारे तयारच होते, पहिल्यासारखीच रांग लागली. ज्यांना दिलं ते कुटुंब बरं आहे, दोन लहान मुली आहेत, राहायलाच येणार होते. किल्ली देताना त्या मुली पाण्याकडे धावत सुटल्या आणि त्यांची आई मागून ओरडत गेली. मी गाडीत येऊन बसलो.

आता मी हरिशंकरपुरमच्या फ्लॅटमध्ये असतो. जिना मला अजून चढता येतो. भाजीवाला, वॉचमन, औषधवाला, सगळ्यांशी हिंदीत बोलतो, आणि रविवारी मुलीचा फोन येईपर्यंत आठवडाभर तोंडातून मराठी शब्द निघत नाही. कुणी भेटलं की हळहळून विचारतं, "इतनी बढ़िया जगह बेच दी? तालाब के सामने! दुख नहीं होता?"

मी म्हणतो, जागेचं नाही होत. ते मान डोलवतात आणि पुढं जातात. मी भाजीची पिशवी घेऊन वर येतो.